ऐकण्याचे गुण

ज्या ज्युनिअर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होते, तिथली एक जागा कायमची भरायची ठरली आणि ती मला मिळाली नाही. मुलाखतीला बसलेल्या तिघांपैकी एकाने विचारलं होतं, "तुमचे मिस्टर बोटीवर असतात ना? मग तुम्हाला नोकरीची एवढी काय गरज?" मी हसून काहीतरी बोलले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो. जागा संस्थेच्या ओळखीतल्या एका गृहस्थांना गेली. पुढच्या जूनमध्ये मला तासही मिळाले नाहीत.

नवरा वर्षातले बरेच महिने बोटीवर, सासर दाभोळला, आणि बाबा रत्नागिरीत एकटे. आई गेल्यापासून मी बाबांकडेच राहत होते. त्यामुळे बाहेरगावची नोकरी धरता येत नव्हती. अशात एका जुन्या मैत्रिणीने सांगितलं की पुण्यातली एक लहानशी कंपनी घरबसल्या काम देते. चीनमधल्या शाळांतल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांची इंग्रजीची चाचणी घ्यायची. त्यांना इंग्रजी ऐकून किती कळतं आणि वाचून किती कळतं, एवढंच बघायचं. प्रश्न तिकडची एक कंपनी काढत होती. कॅमेऱ्यासमोर बसायला माणसं मात्र पुण्यातून पुरवली जायची, कारण ती स्वस्तात मिळायची.

माझी निवड ज्यांनी केली, त्या मॅडमशी माझं कायम फोनवरच बोलणं झालं. पहिल्याच फोनवर त्या म्हणाल्या, "तुमचं इंग्लिश छान आहे हो, पण ॲक्सेंट जरा कोकणी आहे."

एम.ए.ला पुण्यात होते तेव्हा माझ्या मराठीतल्या हेलावर वसतिगृहातल्या मुली हसायच्या. आता इंग्रजीतही तो सापडला. मॅडमनी ऐकण्यासाठी काही रेकॉर्डिंग पाठवली आणि तसं बोलायची सवय करायला सांगितलं. मी स्वयंपाक करताना ती लावून ठेवायचे आणि कढीला फोडणी देता देता लंडनच्या बाईसारखी बोलायचे. महिन्याभराने मॅडम म्हणाल्या, "आता चालेल."

नियम बरेच होते. मागे कोरी भिंत हवी. टिकली नको, मंगळसूत्र दिसायला नको. पडद्यावर माझं नाव म्हणून त्यांनीच एक इंग्रजी नाव दिलं. कुठून बोलताय असं मुलांनी विचारलं तर समुद्रकाठच्या गावातून, एवढंच सांगायचं. कागदावर लिहून दिलेल्या वाक्यांपलीकडे बोलायचं नाही. सगळं रेकॉर्ड होत असे.

त्यांच्याकडे संध्याकाळ झाली की आमच्याकडे उन्हं कलायला लागलेली असायची. मी खोलीचं दार लावून घ्यायची, खिडक्या बंद करायची. एप्रिलमध्ये शेजारच्या आवारात आंब्याच्या पेट्या ठोकण्याचं काम चालायचं, आणि ऐकण्याच्या चाचणीत हातोडीचा आवाज आला की मॅडमचा निरोप यायचा. पंखासुद्धा बंद ठेवावा लागे. घामाने निथळत मी मुलांना बर्फावरून घसरून पाय मोडलेल्या माणसाची गोष्ट वाचून दाखवत असे.

चाचणीचे तीन भाग होते. आधी एक रेकॉर्डिंग वाजायचं. त्यात दोन माणसं बोलायची, विमानतळावर किंवा हॉटेलात किंवा वाचनालयात. मग मुलांनी ए, बी, सीमधून उत्तर निवडायचं. दुसऱ्या भागात मी स्वतः काही प्रश्न विचारायचे आणि मुलांनी तोंडी उत्तर द्यायचं. तिसऱ्या भागात पडद्यावर उतारा यायचा, तो वाचून उत्तरं लिहायची. शेवटी मी गुण भरायचे आणि खालच्या चौकटीत दोन ओळींचा शेरा लिहायचा.

मुलं शाळेतूनच बसायची. सगळ्यांच्या अंगात एकसारखं गणवेशाचं जाकीट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, मागे पुस्तकांच्या थप्प्या. मी पडद्यावर दिसले की काही जण उठून उभे राहायचे. एक मुलगा हॉटेलच्या संभाषणात चक्क झोपला, आणि त्याला उठवायचं कसं याचं वाक्य माझ्या कागदावर नव्हतं. वाचनात ही मुलं पक्की होती. ऐकण्यात अडखळायची. मला ती परकी वाटलीच नाहीत. आम्हीही इंग्रजी पुस्तकातूनच शिकलो. व्याकरण तोंडपाठ, आणि कोणी प्रत्यक्ष बोललं की कानाला दडे बसायचे.

माझे बाबा तर इंग्रजीचेच शिक्षक. लांज्याकडच्या एका गावातल्या हायस्कुलात त्यांनी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. ते म्हणायचे, "मला इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, वेळ आली तर बोलताही येतं. ऐकायला मात्र लांज्यात कधी कोणी इंग्रज आला नाही."

आता बाबांना काहीच नीट ऐकू येत नव्हतं. पण ते कबूल करायचे नाहीत. कानाच्या डॉक्टरकडे जायचा विषय निघाला की उठून अंगणात जायचे. मी विचारायची, "गॅस बंद केलात का?" ते म्हणायचे, "अंघोळ झाली की बसतो जेवायला." समोरचा काय विचारणार याचा अंदाज बांधायचा आणि त्याचं उत्तर द्यायचं, अशी त्यांची रीत. चार माणसं हसली की तेही हसायचे, पण जरा उशिरा. पाहुणे आले की स्वतःच अखंड बोलत राहायचे, म्हणजे ऐकायची वेळ येत नाही. बोलताना ते माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. हे सगळं मी रोज बघत होते, म्हणूनच चाचणीला येणारी एक मुलगी माझ्या लक्षात आली.

एकच मूल काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा माझ्याकडे येई, प्रगती बघायला. ही मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिचं वाचन बघून मी थक्क झाले. गोल चष्मा, केस दोन्ही कानांवर ओढलेले, बोलणं हळू. उतारा मधमाश्यांवरचा होता, आमच्या कॉलेजातल्या शिक्षकांनाही जड गेला असता. तिने तो भराभर वाचला, सगळी उत्तरं बरोबर दिली आणि खाली लिहिलं, की या प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर होऊ शकतात. मी परत वाचलं. तिचं खरं होतं.

ऐकण्यात मात्र तिला जवळजवळ शून्य मिळालं. मी शेरा लिहिला, ऐकण्याचा सराव वाढवावा. सगळ्यांना लिहायचे तसाच.

दुसऱ्यांदा ती आली तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. रेकॉर्डिंग वाजत होतं तेव्हा तिचा चेहरा कोरा होता, भिंतीकडे बघावं तसा. मी बोलायला लागले की ती पुढे झुकायची आणि नजर माझ्या ओठांवर यायची. मी विचारलं, "तो माणूस हॉटेलात काय विसरला?" ती म्हणाली, "त्याला हॉटेल आवडलं."

माझ्या डोळ्यांसमोर एकदम बाबा आले.

शेजारी चहाचा कप होता. पुढचा प्रश्न विचारताना मी तो उचलून तोंडासमोर धरला. आवाज तोच, वेगही तोच. ती हसली आणि म्हणाली, "येस." प्रश्न होता, पडद्यावरच्या वेळापत्रकात गाडी किती वाजता सुटते? मी कप खाली ठेवून तोच प्रश्न परत विचारला. तिने लगेच बरोबर वेळ सांगितली.

पडद्याच्या कडेला लिहायची एक चौकट असे, आवाज नीट नसेल तर वापरण्यासाठी. मी तिथे लिहिलं, "तुला दोन्ही कानांनी ऐकू येतं का?"

ती बराच वेळ हलली नाही. मला वाटलं, तिकडचं नेट गेलं. मग अक्षरं उमटायला लागली. तिचं इंग्रजी साधं आणि स्वच्छ होतं. मराठीत सांगायचं तर तिने लिहिलं: "डाव्या कानाने नाही. उजव्याने थोडं. लहानपणी ताप आला होता. शाळेत कोणाला माहीत नाही. आमच्या भाषेत मी तोंड बघून समजते. इंग्रजीत तोंडं वेगळी हलतात. रेकॉर्डिंगला तोंड नसतं."

खाली आणखी एक ओळ आली. "कृपा करून कोणाला सांगू नका."

"नाही सांगणार," मी लिहिलं. मग विचारलं, "घरी माहीत आहे?"

घरी माहीत होतं. तिचे वडील कोळ्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांचं म्हणणं, एकदा कान गेल्याचा कागद झाला की आयुष्यभर नोकरीला, लग्नाला, सगळीकडे तो आधी दाखवावा लागेल. तिला समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायचा होता. त्यासाठी मोठ्या शहरातल्या विद्यापीठात जायला हवं, आणि तिथे जायला इंग्रजीचे गुण हवेत. ऐकण्याचे गुण नसले तर जमणार नव्हतं.

त्या दिवशी तिचा शेरा मी साधाच लिहिला. पण माझं डोकं शांत बसेना. मी शोधाशोध केली. ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांना तिकडच्या विद्यापीठ प्रवेशाच्या मोठ्या परीक्षेत ऐकण्याचा भाग माफ होऊ शकतो, वाचनाच्या गुणांवरून हिशोब करतात, असं मला वाचायला मिळालं. मात्र त्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागायचं आणि शाळेने ते वेळेत पुढे पाठवायला हवं होतं.

तिसऱ्या वेळी मी तिला हे सांगितलं. तिला ठाऊकच नव्हतं. तिने दोनदा विचारलं, "खरंच? खरंच?" मी म्हटलं, तुझ्या आईशी बोल, शाळेशी बोल. शाळेला आधी पटायला हवं. तू हो म्हणालीस तर मी माझ्या शेऱ्यात तसं लिहीन, म्हणजे तुझ्या म्हणण्याला आधार होईल.

ती म्हणाली, आईला विचारून सांगते. दोनच दिवसांनी तिचं नाव पुन्हा माझ्या वेळापत्रकात आलं. वाचनाचा एक भाग राहिला असं सांगून तिनेच वेळ मागून घेतली होती. तिने लिहिलं, "आई हो म्हणाली. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आई शाळेत जाणार आहे. तुम्ही लिहाल ना?"

"लिहीन."

आणि मी लिहिलं. प्रत्येक शब्द तोलून लिहिलं. या मुलीचं वाचन उत्तम आहे, ऐकण्यातले गुण तिच्या इंग्रजीचे नाहीत, कानांचे आहेत असं दिसतं, डॉक्टरकडून तपासणी व्हावी आणि तोवर हे गुण धरू नयेत. एवढं लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदा आपण शिक्षक आहोत असं वाटलं. त्या संध्याकाळी मी बाबांना घेऊन मांडवीच्या जेटीवर फिरून आले.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"हे काय लिहिलंत तुम्ही?"

"जे दिसलं ते लिहिलं, मॅडम. तिला ऐकू येत नाही."

"आपण डॉक्टर आहोत का?"

"डॉक्टरकडे पाठवा एवढंच म्हटलंय मी."

"अहो, शेऱ्याची चौकट इंग्लिशसाठी आहे. उद्या शाळेने विचारलं की तुमच्या टेस्टमध्ये बहिरी मुलं कशी धरता, तर काय सांगू मी क्लायंटला? त्यांना निकाल हवाय, कारण नकोय."

"मग निकाल चुकीचा आहे."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मी तो शेरा काढलाय. तुमच्या वतीने दुसरा टाकलाय."

"काय टाकलाय?"

"ऐकताना लक्ष कमी पडतं, असं."

मी खुर्चीतून उठले. म्हटलं, "मॅडम, त्या मुलीला विचारून, तिच्या आईला विचारून लिहिलं होतं मी."

"म्हणजे तुम्ही तिच्याशी खासगी बोललात? हे कुठे बसतं नियमात?" त्यांचा आवाज चढला. "हे बघा, आता हा विषय इथेच संपवा. तुम्ही चांगलं काम करता. उगाच कशाला?"

काम तिथल्या तिथे सोडावं असं फार वाटलं. पण त्या मुलीची पुढची चाचणी माझ्याच यादीत होती आणि तिला काही कळवायला दुसरा मार्ग नव्हता. ते आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. हॉटेलं, विमानतळ, वाचनालयं. मुलं ए, बी, सी सांगायची आणि मी गुण भरायची.

ती आली तेव्हा केस कानांमागे बांधलेले होते. मी अभिवादनाचं ठरलेलं वाक्य म्हणायच्या आत तिने लिहायला सुरुवात केली.

"शाळेने तुमचा शेरा बघितला. त्यात कानांचं काही नाही. लक्ष नाही असं आहे. आईने शाळेत सांगितलं होतं की परदेशी टीचर लिहिणार आहेत. आता आमच्या टीचर म्हणतात, मी ऐकण्याची परीक्षा चुकवायला खोटं बोलते. आई तिथे रडली. बाबांना कळलं. बाबा आईशी बोलत नाहीत."

मी लिहिलं, "मी खरं लिहिलं होतं. त्यांनी पुसलं."

"कोणी?"

"माझ्या कंपनीने."

"का?"

मी लिहिलं, "त्यांना त्रास नको होता."

मग तिने बोलून विचारलं, लिहून नाही. तिचा आवाज मी पहिल्यांदा इतका मोठा ऐकला. "मग तुम्ही मला सांगायला का लावलंत?"

ती कोणाला न सांगता इतकी वर्षं निभावून नेत होती. अंदाज बांधत होती, हसत होती, तोंडं वाचत होती. मी तिला सांगितलं होतं की खरं बोललं तर उपयोग होईल.

मी तिला माझा ईमेल द्यायचं ठरवलं, म्हणजे तिने शाळेचा पत्ता कळवला असता तर मी स्वतः तिथे लिहू शकले असते. चौकटीत लिहिला तर तिथे फक्त फुल्या उमटल्या. पत्ते आणि नंबर आपोआप झाकायची सोय त्यांनी करून ठेवली होती. मग मी एकेक अक्षर कॅमेऱ्याकडे तोंड करून सावकाश म्हटलं. ती ओठ बघून लिहून घेत होती आणि मग तिने लिहिलेलं दाखवलं. सगळं चुकलं होतं. बी आणि पी म्हणताना ओठ सारखेच मिटतात, एमलाही तसेच. हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. शेवटी मी बाबांच्या औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर स्केचपेनने पत्ता लिहिला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. तिने उतरून घेतला.

मी म्हटलं, "आज ऐकण्याचा भाग नको. सोडून देऊ."

"नाही," ती म्हणाली. "घ्या. शून्य द्या."

"गरज नाही गं," माझ्या तोंडून मराठीच निघालं. तिला ते कळणार नव्हतं, पण तिने मान हलवली. घ्या.

मी रेकॉर्डिंग लावलं. एक बाई हरवलेल्या छत्रीबद्दल कोणाला तरी विचारत होती. ती मुलगी हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती. एकाही प्रश्नाचं उत्तर तिने दिलं नाही. रेकॉर्डिंग संपलं तेव्हा ते तिला कळलं नाही, मी मान हलवली तेव्हा कळलं. मग वाचनाचा उतारा आला. तिने तो नेहमीसारखा भराभर सोडवला, सगळं बरोबर, आणि निरोप न घेता पडदा बंद केला.

दोन दिवसांनी माझं लॉगिन चालेना. मॅडमचा फोन आला.

"तुम्ही कॅमेऱ्यासमोर कागद धरलात."

"धरला."

"मला वरून विचारलं. मी काय सांगणार होते?"

"खरं सांगायचं."

"तुम्हाला सोपं आहे हो बोलायला. माझीही नोकरी आहे. घरी दोन मुलं आहेत." त्यांनी मुलांना मधे आणलं, आणि मला त्याचाही राग आला. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "ती मुलगी हुशार होती. मी रेकॉर्डिंग बघितलं."

होती म्हणाल्या, जणू ती मेली होती.

दुपारची खोली एकदम मोकळी झाली. बाबांच्या लक्षात आलं. "काय गो, आज शाळा नाही तुझी?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांच्यासमोर बसून, तोंड त्यांच्याकडे करून, मोठ्याने. अर्धं त्यांना ऐकू गेलं असेल, अर्धं त्यांनी बघितलं असेल. यावेळी त्यांनी मधेच दुसरं उत्तर दिलं नाही. शेवटपर्यंत थांबले.

मग म्हणाले, "कुठे बसते ती वर्गात?"

"पहिल्या बाकावर असणार."

"चूक. पहिल्या बाकावर फक्त मास्तर दिसतो. मागची पोरं हसली तर कळत नाही का हसली ते. कडेच्या बाकावर बसायचं, भिंतीला पाठ लावून. मग सगळ्यांची तोंडं दिसतात."

"बाबा, हे तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "शेवटची काही वर्षं मी वर्गात खुर्ची भिंतीकडे ओढून घेतली होती. हेडमास्तर म्हणायचे, गुरुजी, मधे बसा की. मी म्हणायचो, उन्हाची तिरीप येते."

"म्हणजे तेव्हापासून?"

"मुलं उभी राहून धडा वाचायची. मला काय ऐकू येतंय? ओठ हलत असले की म्हणायचो, छान, बस. सगळ्यांना गुण देऊन टाकायचो." त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. "कोणीतरी चुकत असणारच गो. मी एकालाही सुधारलं नाही."

ते उठून अंगणात गेले. मी मागोमाग गेले नाही. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण मला त्या वर्गातल्या मुलांचं वाटत होतं, जी वाचत होती आणि समजत होती की कोणी ऐकतंय. त्यांच्यातलीच काही पुढे माझ्याकडे बारावीला आली असतील.

मुलीचा ईमेल येईल म्हणून मी रोज बघत होते. आंबा संपला, पाऊस आला आणि गेला, नवरा सुट्टीवर येऊन परत बोटीवर गेला. तो म्हणाला, "तू तुझ्याकडून केलंस ना? मग सोड आता." सगळे हेच म्हणायचे. सोडायचं म्हणजे काय करायचं, हे कोणी सांगत नव्हतं. मी घराच्या ओटीवर शिकवण्या सुरू केल्या. गावातली आठ-दहा मुलं यायला लागली.

दिवाळीनंतर एकदा तिचं पत्र आलं. ईमेलच, पण पत्रासारखं लिहिलेलं. सुरुवातीला तिने माझ्या प्रकृतीची चौकशी केली होती. मग तिने लिहिलं होतं, की प्रमाणपत्र झालं, पण उशिरा. शाळेने आधी विश्वास ठेवला नाही आणि विश्वास बसला तेव्हा अर्ज करायची मुदत संपली होती. मोठ्या परीक्षेला ती इतरांबरोबरच बसली. भिंतीवरच्या स्पीकरमधून रेकॉर्डिंग वाजलं. तिने सगळ्या प्रश्नांना सी लिहिलं. काही बरोबर आलेही. वाचनात तिला शाळेत सगळ्यात जास्त गुण होते. पण बेरीज कमी पडली. आता ती गावाजवळच्याच एका कॉलेजात हिशेबनिशीचा कोर्स करत होती.

"उजव्या कानात यंत्र बसवलं आहे," तिने लिहिलं होतं. "बसमध्ये ते शिट्टी मारतं आणि लोक बघतात. आता सगळ्यांना माहीत आहे. बाबा आता आईशी बोलतात. तुम्ही वाईट टीचर नाही. पण मला तुमचा राग आहे, अजून किती दिवस राहील माहीत नाही. खोटं न बोलता हे लिहावं असं वाटलं."

मी उत्तराला बसले. माझं खरं नाव लिहिलं, मी कुठे राहते ते लिहिलं, रत्नागिरी, भारत, म्हणजे निदान राग कोणावर आहे हे तरी तिला कळावं. माफी मागितली, खोडली, परत मागितली. तिच्या कॉलेजातल्या कोणाला मी काही लिहून पाठवू का, असं विचारलं. अभ्यास सोडू नकोस, समुद्राचं शिक, असं लिहिलं आणि ते काढून टाकलं, कारण तिला हे सांगणारी मी कोण? शेवटी चार ओळी उरल्या. त्या पाठवल्या.

त्या ओळींना उत्तर आलं नाही. सुरुवातीला मी वाट बघत होते. मग मला वाटायला लागलं, की तिने उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटावं यासाठी तिने आणखी काही करायची गरज नव्हती.